पाचवे प्रकरण

चार मराठी माणसे परप्रांतात एकत्र आली की गणपती बसतो आणि दहा आली की नाटक बसते, असे म्हणतात. कोलकात्यात आम्ही सातच होतो. म्हणून आम्ही रहस्यकथा लिहू लागलो. २०१७ सालच्या पावसाळ्यात, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी जमावयाचे, असे ठरले. कोणी रेल्वेतले, कोणी आयकरातले, कोणी भूवैज्ञानिक खात्यातले. सारे बदलीच्या हुकुमाने आलेले आणि बदलीच्याच हुकुमाने जाणारे. एकटे नाना तेवढे निवृत्त. लेखापरीक्षेत सारी हयात घालवून ते येथेच राहिले होते.

रहस्यकथेची गोडी आम्हां सर्वांस लहानपणीच लागलेली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली. त्यांपैकी निदान पन्नास तरी आम्ही प्रत्येकाने क्रमिक पुस्तकाच्या आड दडवून वाचली असतील. झुंजार आणि काळा पहाड ह्यांच्या संगतीत वाढलेल्या माणसांना कोलकात्यासारखे दुसरे शहर नाही. १९३२ साली ब्योमकेश ह्याच शहरात अवतरला आणि १९६५ साली फेलूदाही येथलाच रहिवासी म्हणून पुढे आला. शिवाय ब्योमकेशाचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ साली पुण्यास जाऊन राहिले आणि तेथे बसून त्यांनी कोलकात्याच्या गल्ल्यांतील गुन्हे उकलले. ते पुण्यात बसून बंगाली लिहीत. आम्ही कोलकात्यात बसून मराठी लिहितो. हा व्यवहार आम्हांस बरोबरीचा वाटे, अर्थात तराजू आमच्याच हाती असल्यामुळे!

मंडळाचा नमुना मात्र आम्ही लंडनहून उचलला. तेथे १९३० साली 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, अँथनी बर्कली ही मंडळी सभासद. नव्या सभासदास कवटीच्या साक्षीने शपथ घ्यावी लागे, की रहस्याची उकल दैवी साक्षात्काराने वा निव्वळ योगायोगाने करणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा धागा लपविणार नाही. आमच्यापाशी कवटी नव्हती. नानांच्या पितळी पानाच्या डब्यावर हात ठेवून आम्ही तीच शपथ मराठीत घेतली.

बैठकीचा क्रम ठरलेला असे. प्रथम वाचन, मग आक्षेप, मग चहा आणि शेवटी 'सभासदांची खबरबात'. आक्षेपांत नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. खुनी अकरा वाजता ट्राममधून उतरला असेल, तर सव्वाअकरास तो गच्चीवर कसा पोचला, हे ते जमाखर्चाच्या वहीप्रमाणे तपासून पाहत. खबरबात हे कलम येईपर्यंत दिवेलागण होई. ते बहुधा दारातच, पायांत जोडे सरकविताना उरकले जाई.

२०१९ साली आम्ही साखळी-कादंबरीचा घाट घातला. त्या लंडनच्या क्लबाने १९३१ साली 'द फ्लोटिंग ॲडमिरल' अशाच रीतीने सिद्ध केली होती. प्रत्येक लेखकाने एकेक प्रकरण लिहावयाचे. मात्र संपूर्ण रहस्याचे आपले उत्तर मनाशी पक्के करूनच लिहावयाचे. आम्ही त्यात भर घातली. आपापले उत्तर पाकिटात घालून, त्यावर लाखेची मोहोर करून ते एका बिस्किटांच्या डब्यात ठेवावयाचे. शेवटचे प्रकरण वाचून झाल्याखेरीज एकही पाकीट उघडावयाचे नाही.

कथानक साधे होते. भवानीपुरातील एका मेसमध्ये वृद्ध मराठी कारकून मृतावस्थेत सापडतो. दार आतून बंद. चार प्रकरणांत आम्ही एक लोभी पुतण्या, एक कर्जबाजारी मेसमालक आणि एक संशयास्पद डॉक्टर उभे केले. नानांची पाळी सातवी होती. त्यांनी पाचवी मागून घेतली. "बदलीचा काय नेम?" असे ते म्हणाले. निवृत्त माणसाची बदली! आम्ही पोट धरून हसलो.

त्यांच्या प्रकरणात नवे पात्र नव्हते की नवा प्रसंग नव्हता. मयत कारकुनाच्या अखेरच्या तीन महिन्यांची केवळ नोंद होती. त्याने दुधाचे बिल आगाऊ भरले, शेजाऱ्यांची पुस्तके परत केली, आपली खाट दारापाशी ओढली आणि जिना चढणे टाळले. ह्याला खुनाची चाहूल लागली असली पाहिजे, असा तर्क आम्ही केला. नानांनी वहीत काहीच टिपून घेतले नाही.

२०२० च्या जानेवारीत नाना गेले. हृदयविकार होता आणि तो त्यांना गणेशोत्सवापासून ठाऊक होता, असे वहिनी म्हणाल्या. मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढे एकाची बदली नागपुरास झाली, दुसऱ्याची शिलाँगला. मंडळ थांबले आणि बिस्किटांचा डबा कपाटावर धूळ खात राहिला.

२०२२ साली आम्ही पुन्हा जमू लागलो. उरलेली दोन प्रकरणे लिहून झाली. पुतण्याने औषधातून विष दिले, असे सिद्ध झाले. २०२३ च्या डिसेंबरात, वहिनींना मुद्दाम बोलावून, आम्ही पाकिटे फोडली. नानांचे सर्वांत शेवटी फोडले. आत वहीच्या कागदावर चार ओळी होत्या. खून झालेला नाही. दार मयतानेच लावले होते. तो आजारी होता व ते तो जाणून होता. मेसमधील सारी माणसे सज्जन होती. प्रत्येकाने एकेक गोष्ट पाहिली, पण कोणी विचारले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकेकास आठवू लागले. २०१९ च्या दिवाळीनंतर नानांनी आमची पुस्तके परत आणून दिली होती. बैठक तिसऱ्या मजल्यावरून टॉलीगंजच्या तळमजल्यावरील घरी नेण्याचा आग्रह त्यांचाच. खुर्चीही त्यांनी दाराजवळची धरली होती. शपथेप्रमाणे नानांनी एकही धागा लपविला नव्हता.

आमच्यातील एकजण दुखावून म्हणाले, "पण त्यांनी सरळ सांगावयाचे होते." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एकदा सांगायला लागले होते हो. सगळे जोडे घालीत होते. घरी येऊन म्हणाले, पुढच्या खेपेस सांगीन."

आम्ही इतिवृत्ताची वही काढली. ऑक्टोबर २०१९ च्या पानावर अखेरचे कलम असे आहे: 'सभासदांची खबरबात: विशेष नाही.' ते अक्षर आमचे आहे.

ब्योमकेशाला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणे रुचत नसे. तो स्वतःस सत्यान्वेषी म्हणवी. आम्ही मात्र सत्य शोधले ते कागदावरच्या मेसमध्ये, आणि ज्या मेसमध्ये आम्ही स्वतः बसलो होतो तिकडे पाहिलेच नाही. परमुलखात कचेरी असते, शेजार असतो, ओळखीही पुष्कळ होतात; पण विचारपूस करणारे घरचे माणूस जवळ नसते. ती जागा भरावी म्हणूनच खरे तर आम्ही जमत होतो.

आता बैठकीचा क्रम बदलला आहे. खबरबात आरंभी होते, सर्वजण बसल्यावर. शिलाँगच्या सभासदांचे गुडघ्याचे दुखणे आता बरे आहे. त्यांचे प्रकरण टपालाने आले. रेल्वेतील सभासदांच्या कन्येस पुण्यात नोकरी लागली. त्या आनंदात आहेत, पण घर रिकामे वाटते म्हणाल्या. त्यावर पाऊण तास गेला आणि त्या दिवशी वाचन झालेच नाही. इतिवृत्ताची वही अद्यापि आमच्याकडेच आहे. 'विशेष नाही' हे शब्द तीत आम्ही पुन्हा लिहिलेले नाहीत.