सकाळी अंतराळ, रात्री हवेली

आमच्या वाड्यात परग्रहांची आणि भुतांची वेळ ठरलेली होती. परग्रह रविवारी सकाळी, दूरदर्शनवर. भुतं रात्री, आणि तीही गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला की. ऐंशीच्या दशकात साताऱ्यात वाढलेल्या आम्हा चुलत-आते भावंडांपैकी कुणालाही विचारा, ‘स्टार ट्रेक’ म्हटलं की आधी शिकेकाईचा वास आठवतो. रविवार न्हाण्याचा. आई आणि काकू एकेकाला हाका मारायच्या आणि ज्याचा नंबर लागेल तो ओल्या डोक्यानेच धावत येऊन विचारायचा, ‘यान कुठं पोचलं?’

इंग्रजी आमच्यात फक्त काकांना कळायचं, तेही बेताचंच. पण स्पॉक कळायला भाषा लागत नव्हती. स्पॉक झालेल्या लिओनार्ड निमॉयची एक भुवई वर गेली की सगळ्या खोलीला कळायचं, कॅप्टन कर्क आता काहीतरी अविचारी करणार आहे आणि याला ते पटलेलं नाही. डॉक्टर मॅकॉय चिडायचा, स्पॉक शांत राहायचा. काका एका वाक्यात सगळं उरकायचे: ‘डॉक्टर म्हणतोय माणूस वाचवा, हा म्हणतोय जहाज वाचवा.’ इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिलं तरी बऱ्याच भागांचं सार यापलीकडे जात नाही. काकांना ते बरोबर सापडलं होतं.

अमेरिकेत ही मालिका 1966 ते 1969 अशी तीन वर्षं चालून 79 भागांवर बंदही पडली होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी फरक पडला नसता. ती कशी बनली हे पुढे वाचलं, तेव्हा मात्र माया दुप्पट झाली. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवायचं म्हणजे खर्च परवडणारा नव्हता, म्हणून माणसं चकाकत विरघळतात आणि खाली उगवतात ही युक्ती काढली. ती चकाकी म्हणजे प्रकाशझोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड. यानाचे दरवाजे आपोआप सरकायचे असं आम्ही समजत होतो. ते भिंतीमागे उभी असलेली माणसं ओढायची. आणि मॅकॉयच्या हातातली ती शस्त्रक्रियेची चकचकीत उपकरणं? एका भागासाठी तऱ्हेतऱ्हेच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या वेगळ्या दिसत होत्या की प्रेक्षकांना त्या मीठदाण्या वाटणारच नाहीत असं ठरलं आणि त्यांची रवानगी दवाखान्यात झाली. आमच्या माळ्यावरच्या यानात आजीचा पितळी पानाचा डबा हे नियंत्रणकक्षाचं मुख्य यंत्र होतं. म्हणजे तिकडे हॉलिवूडमधली मोठी माणसंही तेच करत होती.

याच काळात ‘जायंट रोबो’ आला. मूळ जपानी, 1967 चा. मनगटी घड्याळात बोलून एक मुलगा आभाळाएवढ्या यंत्रमानवाला हुकूम सोडतो, एवढंच ते कथानक. वाड्यात खरं घड्याळ एकाच दादाकडे, मुंजीत मिळालेलं. बाकीच्यांनी मनगटावर बॉलपेनने घड्याळं काढली आणि चिंचेच्या झाडाला आज्ञा दिल्या. मग 1989 च्या सुमारास आपल्याकडची ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. ‘इंद्रधनुष’मधली मुलं आमच्याच वयाची, हिंदी बोलणारी, आणि ती काळात मागेपुढे जायची. त्यातला एक गोबरा मुलगा पुढे मोठा दिग्दर्शक झाला, करण जोहर. ‘सिग्मा’मधला झाखाकू हा खलनायक आमच्यात इतका मुरला की जेवताना त्रास देणाऱ्या प्रत्येक धाकट्या भावंडाला ते नाव पडलं. एक आतेभाऊ आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, घरात अजून झाखाकूच आहे.

ताईचा मार्ग वेगळा. ती वाचनालयातून जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ घेऊन यायची आणि दुपारी आम्हाला वाचून दाखवायची. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. ही हकीकत ताईनेच सांगितली. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही सगळे आपापली आद्याक्षरं उलटी करत बसलो होतो.

आणि रात्र. व्हीसीआर आला की बैठकीच्या खोलीत सतरंज्या पसरायच्या, शेजारच्या बिऱ्हाडांनाही आमंत्रण. पहिली कॅसेट देवाधर्माची किंवा घरगुती, म्हाताऱ्यांसाठी. दुसरी मारामारीची. तिसरी रामसे बंधूंच्या भयपटाची. थिएटरात जो चित्रपट फक्त प्रौढांसाठी होता तो वाड्यात सगळ्यांसाठी होता, कारण मुलं झोपली आहेत असं मोठ्यांनी धरून चाललेलं असायचं. आम्ही पांघरुणातून एकेक डोळा बाहेर काढून होतो.

त्यांचा ‘पुराना मंदिर’ 1984 चा. राजाच्या हुकमाने सामरी या सैतानाचं मुंडकं उडवतात. धड देवळामागे पुरतात, मुंडकं हवेलीत पेटीत बंद करून ठेवतात. मरताना त्याने शाप दिलेला, की राजाच्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आम्हा मुलांना ती पेटी भिववायची. खोलीतल्या बायकांना शाप. त्या दृश्याला काकू उठून आत जायची आणि कुणी तिला काही विचारायचं नाही. तिचं पहिलं बाळंतपण कसं झालं होतं हे आम्हाला पुष्कळ मोठं झाल्यावर कळलं. भयपटांना उथळ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. त्या पेटीत घरातल्या खऱ्या भीती होत्या, ज्यांच्याविषयी उजेडी बोलायची सोय नव्हती. अंधारात, चारचौघांत, पडद्यावरच्या राक्षसाचं निमित्त करून बायकांना रडता यायचं.

सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. सहा फुटांहून उंच देह आणि लांबट, कोरलेला चेहरा. ‘बंद दरवाजा’त, 1990 मध्ये, तेच पुन्हा सैतान होऊन आले आणि आम्ही, आता मिसरूड फुटलेले, पुन्हा तितकेच हादरलो.

रामसे हे एक कुटुंब होतं हे आम्हाला फार आवडायचं. मूळ आडनाव रामसिंघानी. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान. तिथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी नावाचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान. 1970 चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक दचकतात हे मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग सात भावांनी कामं वाटून घेतली: कुमार पटकथा, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची बाजू. काश्मीरला हाउसबोटीत राहून छायाचित्रणाचं एक इंग्रजी पुस्तक सगळ्यांनी मिळून अभ्यासलं. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ करायला सगळा कुटुंबकबिला महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात उतरला आणि सगळ्यांचा स्वयंपाक घरच्या बायकांनी केला.

महाबळेश्वर आम्हाला एसटीने दीड-दोन तासांवर. ज्या धुक्यात आम्ही मक्याची कणसं खाल्ली त्याच धुक्यात भूत उभं केलं होतं, याचा अभिमान वाटायचा. पुढे मुरुडला सहलीला गेलो तेव्हाही जंजिऱ्याइतकाच वेळ रस्त्यावरून नवाबाचा राजवाडा न्याहाळण्यात गेला, कारण रामसेंची हवेली ती हीच असं ऐकून होतो.

आजीला हे सगळं थिल्लर वाटायचं. तिचा भयपट एकच, 1949 चा ‘महल’. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, झोपाळ्यावर मधुबाला आणि जोसेफ वर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराने पाडलेल्या सावल्या. ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. खरी गायिका कोण हे लोकांनी रेडिओला विचारून काढलं आणि लता मंगेशकर हे नाव घरोघर पोचलं. गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून त्या लांबून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. ‘महल’ टीव्हीवर लागला त्या रात्री आजीने दिवे मालवायला लावले. रक्त नाही, मुंडकं नाही, नुसता झोपाळ्याचा करकर आवाज. आणि आमच्या माजघरातही झोपाळा होता. त्या रात्री माजघर ओलांडून कुणीही पाणी प्यायला गेलं नाही.

2019 मध्ये श्याम रामसे गेले. बातमी पहिल्यांदा झाखाकूने कळवली आणि रात्री उशिरापर्यंत फोन चालले, पुण्याहून, दुबईहून, साताऱ्याहून. कुणाला पेटी आठवत होती, कुणाला कॅसेट अडकली की टेपच्या रिळात पेन्सिल घालून ती फिरवणारे काका. काकूने फोन घेतला आणि म्हणाली, ‘तो शापाचा पिक्चर आता शेवटपर्यंत बघायचाय मला. दिवाळीला सगळे या.’ आम्ही गेलो. मुलं आमच्याभोवती दाटीवाटीने बसली, काकू मधोमध, आणि सामरीचा शाप सुरू झाला तेव्हा ती उठली नाही. तिने फक्त ताईचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, ‘आवाज वाढव गं.’