गळकी नळी

मुलांनो, 'माझा आवडता छंद' हा निबंध आपण दरवर्षी लिहितो. आज मी माझ्या धाकट्या भावाच्या छंदाबद्दल लिहितोय, कारण त्या छंदाने मला माझ्याच वर्गातली चूक दाखवली.

भावाने सेकंड हॅन्ड टर्बो पेट्रोल गाडी घेतली. टर्बो म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक छोटं पंख्याचं चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. ही चाकं मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात. हवा जास्त मिळाली की पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला मध्ये इंटरकूलर असतो.

मे महिना होता. बल्लारपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. गाडी नीट ओढेना. एकदा चंद्रपूर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकला ओव्हरटेक करताना भावाने ॲक्सिलरेटर दाबला, पण गाडी पुढे जाईचना. समोरून बस आली. ब्रेक मारून तो कसाबसा ट्रकच्या मागे आला. मागच्या सीटवर आई होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "दादा, रिमॅप करून घेतो." रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून टर्बोचा दाब वाढवणं. उदाहरण त्याच्याकडे तयार होतं. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या लिनिया टी-जेटमध्ये 1.4 लिटरचं टर्बो इंजिन सुमारे 112 अश्वशक्ती द्यायचं. 2015 साली आलेल्या अबार्थ पुंटोत तेवढ्याच लिटरचं टी-जेट इंजिन 145 देऊ लागलं. मी म्हटलं, "अरे, पण साध्या पुंटोला मागे ड्रम ब्रेक होते. अबार्थला चारही चाकांना डिस्क दिले, सस्पेन्शनही बदललं. नुसती ताकद नाही वाढवली."

शेवटी आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्कॅनर लावला. कोड आला पी0299, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. एअर फिल्टर काढला तर कोळशाच्या धुळीने काळाकुट्ट. मग इंटरकूलरच्या नळ्यांत थोडी हवा भरून त्याने वरून साबणाचं पाणी टाकलं. एका क्लॅम्पजवळ बुडबुडे आले. रबरी नळीला बारीक चीर होती.

"गुरुजी, हवा गळून राहिली जी. दाब वाढवून का होते? चीर मोठी होईल, टर्बो अजून जोरात फिरंल अन् लवकर जाईल."

नळी, क्लॅम्प आणि फिल्टर बदलला. गाडी पहिल्यासारखी ओढू लागली. रिमॅपसाठी साठवलेल्या पैशातून भावाने ब्रेक पॅड आणि टायर घेतले. आता लांबून आल्यावर तो इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतं.

आता माझी चूक सांगतो. चौथीतल्या एका मुलाला भागाकार जमत नव्हता. मी त्याला रोज दहा गणितं जास्त द्यायचो, रागवायचोही. मिस्त्रीकडून आल्यावर मी त्याला जवळ बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. सहापर्यंत तो धडाधड म्हणाला. सातच्या पाढ्याला अडकला आणि खाली पाहू लागला. इतके दिवस मी तिथे पाहिलंच नव्हतं.

जास्तीची गणितं मी बंद केली. सध्या आम्ही दोघं मधल्या सुट्टीत सातचा पाढा म्हणतो.

गृहपाठ: तुम्हाला जे जमत नाही, त्यात नेमकं कुठे अडतं? पाच वाक्यं लिहून आणा.