दोन कुडे

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटली आणि रात्रभर नाचलेली माणसं उजेडाबरोबर आपापल्या पाड्यांच्या वाटेला लागली. मीही मोलगीकडे जाणाऱ्या एका कुटुंबामागून चालू लागलो. पुढे आजी, तिचं बोट धरून सहा-सात वर्षांची नात. अक्कलकुवा तालुक्यातला हा सातपुडा फाल्गुनात उघडा पडतो. झाडं ओळखायला शिकणाऱ्याने याच दिवसांत इथे यावं, असं मला मनापासून वाटतं. पानं असली की डोळा पानांतच गुंततो. ती गळाली की खोडाजवळ जावंच लागतं.

सादडा दुरूनच कळतो. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल. पुस्तकं त्याला ऐन म्हणतात, पण मला सादडा हेच नाव आवडतं. त्यात त्या सालीचा खडबडीतपणा आहे. मात्र चारोळीची साल तशीच चिरलेली, टेंभुर्णीचीही तशीच, फक्त कोळशासारखी काळी. धावडा याच्या उलट, गुळगुळीत आणि राखाडी. कुऱ्हाडीचा दांडा त्याचा असला की पुष्कळ वर्षं टिकतो. सालईची साल कागदासारखी सुटते आणि नखाने खरवडली की धुपाचा वास येतो. उतारावर एकटाच पांढराफटक उभा असतो तो भुत्या. त्याचा डिंक विकला जातो, पण हावरेपणाने खोल घाव घातले की हे झाड उभ्या उभ्या वाळतं. अशी वाळलेली झाडं पाहिली की त्यांच्यापाशी थांबवत नाही.

एवढं मला येत होतं. म्हणून वाटेकडेच्या एका बुटक्या, निष्पर्ण झाडाला मोठ्या विश्वासाने ‘कुडा’ म्हटलं. फांद्यांवरून जोडीजोडीने लांब शेंगा लोंबत होत्या. फांदी खुडली तर पांढरा चीक आला. माझ्या दृष्टीने ओळख पुरी झाली होती.

आजी थांबली. “कोणता कुडा, दादा?”

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वनस्पतींवर डी. ए. पाटील यांचा २००३ सालचा जाडजूड ग्रंथ आहे. कुडे दोन, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते निराळ्या प्रजातींचेच नव्हे, तर निराळ्या वंशांचे, हे मी वाचलेलं होतं. पांढरा कुडा म्हणजे होलार्हेना, काळा कुडा म्हणजे राइटिया. दोघांनाही चीक, दोघांनाही पांढरी सुवासिक फुलं. काळ्याच्या फुलात मधोमध झालरीचा तुरा असतो, पांढऱ्याच्या फुलात तो नसतो. पण फाल्गुनात फूल आणायचं कुठून?

आजीने शेंगांची एक जोडी खाली ओढली. “टोकं बघ.” दोन्ही शेंगा देठापाशी जुळलेल्या, पण खाली मोकळ्या, एकमेकींपासून दूर. मग चार पावलांवरच्या दुसऱ्या झाडाकडे नेलं. तिथे तशीच जोडी, पण टोकंही एकमेकांना चिकटलेली. हात धरून चालणाऱ्या दोघींसारख्या. हा काळा. कितीदा या झाडांखालून गेलो असेन. ती गाठ एकदाही दिसली नव्हती.

तिने पहिल्या झाडाची उकललेली शेंग झटकली. मऊ तंतूंचे झुबके वाऱ्यावर गेले. एक बी तिने माझ्या तळहातावर ठेवलं. चावलं आणि जिभेच्या मुळापर्यंत कडू झालो. हा कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचा तो गोड इंद्रजव. आवेच्या रोगावर चालते ती पांढऱ्याची साल. आयुर्वेदाचं कुटजारिष्ट तिचंच. काळ्याचं लाकूड पांढरंशुभ्र, बारीक रेषेचं. कर्नाटकात चन्नपट्टणची लाकडी खेळणी परंपरेने त्यातून घडतात, आणि पानांतून निळा रंग निघतो. गुणी झाड आहे, पण पावसाळ्यात रात्री लेकराला आव लागली तर त्याची साल आणून चालत नाही. गेल्या श्रावणात नातीला तसंच झालं होतं. कोणता कुडा, हा प्रश्न आजीला तेव्हा अंधारात, भिजत, बोटांनी सोडवावा लागला होता. मी झाडं वहीत उतरवण्यासाठी ओळखतो. ती कुणाच्या तरी घशाखाली उतरवण्यासाठी ओळखते. ओळखणं हा शब्द तेव्हापासून मी जपून वापरतो.

आजीची धाकटी बहीण नर्मदाकाठी दिलेली. सरदार सरोवराच्या पाण्याने नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांना गाठलं, त्यात तिचंही गाव गेलं. आता ती तळोद्याकडच्या वसाहतीत, सपाटीवर राहते. जमीन मिळाली, पण आसपास कुडा नाही. मोलगीच्या बाजाराला ती आली की आजी तिला सालीची पुरचुंडी देते. नुकसानभरपाईच्या कुठल्या कागदावर ही पुरचुंडी धरली जाते? पाण्याखाली गेलेलं जंगल हेक्टरमध्ये मोजता येतं. हात लांबवला की सापडणारं औषध कशात मोजायचं?

उतारावर धायटी लालभडक फुलली होती. नात फुलं तोडून एकेकातला मध चोखत होती. वळणावर पुन्हा एक कुडा आला. शेंगा कधीच फुटून वाळलेल्या, टोकं मोडलेली. मी मान वर करून जोड्या शोधत राहिलो. तेवढ्यात पोरीने एका शेंगेतून बी काढून दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकली.

“पांढरा,” ती म्हणाली, आणि आजीच्या पुढे पळाली.