जी.टी. आणि टारा ब्रोच

जी.टी. म्हणजे काय हे हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. वर काच, खाली बल्ब, काचेवर दुसऱ्याची शीट, की एका रात्रीत ड्रॉइंग तयार! पण अशाच नकलेतून एका देशाची हरवलेली कला परत आली, असं सांगितलं तर?

आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत एका जुन्या पुस्तकात मी टारा ब्रोचचा फोटो पाहिला होता. ब्रोच म्हणजे शाल अडकवायची शोभेची पिन. हा इसवी सन ७०० च्या आसपासचा. चांदीवर सोन्याचा मुलामा, त्यावर केसासारखं बारीक तारकाम, गोफासारखी गुंफण. कमाल म्हणजे, लावल्यावर दिसतही नाही त्या मागच्या बाजूवरही तितकंच नाजूक काम. (आणि आपण जर्नलचं फक्त पहिलं पान सजवतो!)

तो १८५० साली आयर्लंडमध्ये बेटीस्टाउनजवळ सापडला. तेव्हा देशाची दशा काय होती? १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडलेला. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. अशा वेळी डब्लिनच्या वॉटरहाउस या सराफाने तो ब्रोच विकत घेतला आणि त्याला टारा हे नाव दिलं. टारा ही जुन्या आयरिश राजांची टेकडी. तिचा या ब्रोचशी काडीचाही संबंध नाही. नाव निव्वळ खपासाठी! १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने हा ब्रोच मांडला. त्याच्या नकला धडाधड खपल्या. खपासाठी का होईना, आपल्या पूर्वजांचे हात किती कुशल होते हे एका खचलेल्या देशाला दिसलं.

पण जी.टी.वर थांबलं की शिकणं संपलं. पुढचं पाऊल टाकलं मॅन बेटावरच्या आर्चिबाल्ड नॉक्सने (१८६४–१९३३). त्याने बेटावरच्या जुन्या कोरीव दगडी क्रॉसांचा अभ्यास केला. तिथल्या गाठी जशाच्या तशा उचलल्या नाहीत; सैल केल्या, लांबवल्या, स्वतःच्या केल्या. लंडनच्या लिबर्टी कंपनीने १८९९ मध्ये 'किमरिक' नावाने चांदीच्या वस्तू बाजारात आणल्या. त्यांतले कितीतरी दागिने, डबे आणि घड्याळं नॉक्सच्या डिझाइनची. मात्र डिझाइन करणाऱ्याचं नाव कंपनी छापत नसे. ब्रोचला खोटं नाव मिळालं, नॉक्सला खरंही मिळालं नाही!

हे सगळं मराठी विभागात कशाला? कारण दहावीपर्यंत माझं मराठी म्हणजे घरातलं, चार वाक्यांचं. पुढे आजीची वाक्यं वहीत उतरवून मी लिहायला शिकले. तीही जी.टी.च की! हा लेख मात्र कुणाच्या काचेवरून उतरवलेला नाही. गाठी कुठे सैल वाटल्या, तर त्या माझ्या आहेत.