तो धूर

मुलांनो, 'आग' हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि माझ्या मराठीतही आहे. 'दरवाजा' हा शब्दही तसाच, आणि 'मदत' म्हणजे तुमच्या उर्दूतले 'मदद'. या तीन शब्दांची एक गोष्ट आज तुम्हांला सांगतो. ती माझ्या लहानपणी घडली.

माझे गाव शनिशिंगणापूर. ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात आहे. घरांना दरवाजे नसलेले गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. शनिदेव गावाची राखण करतो, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून घराला चौकट असे, पण कडी-कुलूप नसे. कुत्री आत शिरू नयेत म्हणून कोणी चौकटीत फळी आडवी लावत, कोणी पडदा सोडत. पुढे २०११ साली गावात युको बँकेची शाखा उघडली, तेव्हा तिच्याही दाराला नेहमीसारखे कुलूप नव्हते.

मी तेव्हा सहावीत होतो. थंडीचे दिवस होते. ऊसतोडणी चालू होती. ऊस तोडून झाला, की शेतात उरलेले पाचट लोक पेटवून देत. त्यामुळे धुराचे आम्हांला नवल नव्हते.

एके दुपारी मी ओट्यावर गणिते सोडवत बसलो होतो. घरची मोठी माणसे शेतावर गेली होती. शेजारच्या आजींच्या घरामागून धूर वर चढताना दिसला. मी मनाशी म्हटले, 'कोणीतरी पाचट पेटवले असेल.' आणि पुन्हा वहीत डोके घातले. दोन गणिते सोडवून झाली. घसा खवखवू लागला. तेवढ्यात तडतड आवाज आला. मान वर करून पाहतो, तर आजींच्या स्वयंपाकघराचे छप्पर पेटले होते!

माझे पाय जागीच खिळले. आजींना नीट दिसत नसे. दुपारी त्या घरातच झोपत. मी सारे बळ एकवटून ओरडलो, "आग! आग! धावा!"

समोरचे पिठाच्या गिरणीवाले काका धावत आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा हौदात भिजवून नाकातोंडाला बांधला. चौकटीतली फळी लाथेने बाजूला केली आणि वाकून ते आत शिरले. कडी वाजवावी लागली नाही, कुलूप तोडावे लागले नाही. थोड्याच वेळात ते आजींना पाठीवर घेऊन बाहेर आले. तोवर माणसे जमली. हौदापासून घरापर्यंत रांग लागली. बादल्या, घागरी हातोहात पुढे जाऊ लागल्या. तासाभराने आग विझली. चुलीतली ठिणगी शेजारी रचलेल्या तुराट्यांवर पडली होती.

आजी वाचल्या. पण घरामागे दाव्याला बांधलेली त्यांची शेळी मेली. आजींनी मला जवळ घेतले. म्हणाल्या, "पोरा, तू हाक मारलीस म्हणून मी वाचले." सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मी मात्र मान खाली घालून उभा होतो. ती दोन गणिते कोणालाच ठाऊक नव्हती.

पुढे मोठेपणी मी मुंबईच्या गोदीतल्या आगीविषयी वाचले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी जहाजातून निघणारा धूर काहींनी पाहिला, पण कोणी दखल घेतली नाही. चारच्या सुमारास भयंकर स्फोट झाला. शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवानही प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. हे वाचताना मला आमच्या शेजारचा तो धूर आठवला.

मुलांनो, धूर दिसला, की 'असेल काहीतरी' असे म्हणू नका. उठून पाहा. मोठ्याने हाक मारा. १०१ क्रमांकावर खबर द्या. मात्र स्वतः आगीत शिरू नका. ते मोठ्यांचे काम आहे. धूर शेतातलाच निघाला, तर लोक हसतील. हसू द्या.

त्या दुपारी आजींच्या घराला दरवाजा नव्हता. मदत समोरच होती. उशीर झाला, तो फक्त माझ्या हाकेला.