छप्पन्न तारा

माणसाला छंद असावा असं सगळेच सांगतात. तो परवडण्याजोगा असावा हे मात्र छंद लागल्यावर कळतं. अलिबागला सज्जन माणसं निवृत्तीनंतर नारळी-पोफळीची निगा राखतात, नाहीतर समुद्रावर जाऊन राजकारणाची चर्चा करतात. मी विमानांची मॉडेलं करतो. सध्या टेबलावर डकोटा आहे.

डकोटाच का, तर २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या जवानांना दिल्लीहून श्रीनगरला पोचवलं ते या जातीच्या विमानांनी. त्याच जातीचं एक जुनं विमान दुरुस्त होऊन २०१८ साली हवाई दलात आलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'परशुराम'. ज्यानं समुद्र मागे हटवून कोकण वसवलं म्हणतात, त्याच्या नावाचं विमान कोकणात नाही बनवायचं तर कुठं?

आता थोडा हिशेब. माझं मॉडेल १:७२ या मापाचं. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २९ मीटर, माझ्याचे ४० सेंटिमीटर. इथवर ठीक. पण सव्वा मीटर रुंदीचं इंजिन या मापात रुपयाच्या नाण्याहून लहान होतं! त्यात सिलिंडर १४, सात पुढं आणि सात मागं, फुलाच्या पाकळ्यांसारखे. प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग दोन, प्रत्येक प्लगला तार एक. म्हणजे एका इंजिनाला २८ आणि दोन्हींना मिळून ५६. खोक्यातून जे प्लॅस्टिकचं इंजिन निघतं ते मात्र चिरोट्यासारखं दिसतं, आणि संपूर्ण बिनतारी.

म्हणून तारा आपणच घालायच्या. जुनी वायर सोलली की आत तांब्याच्या केसासारख्या तारा मिळतात. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोन पुशरॉड हवेत. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची आणि मऊ झाली की शेवईसारखी ओढायची. मग रंग. सिलिंडरभोवती थंडाव्यासाठी पातळ पातळ चकत्या असतात. आधी सगळं काळं करायचं, मग रुपेरी रंगातला ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून नुसता फिरवायचा. कडा उजळतात, खाचा काळ्या राहतात, आणि प्लॅस्टिकचं एकदम लोखंड होतं! पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर जसा श्वास रोखून बसतो, तसं बसावं लागतं. त्यातून पंखा लावला तर तारा उडतात, बंद केला तर इंजिनात घाम गळतो. पावसाळ्यात रंग वाळत नाही आणि खाऱ्या हवेनं तांबं हिरवं पडतं.

एवढं करून इंजिनावर झाकण बसतं. पुढं प्रोपेलर लागतो. पुढची रांग दिसते न दिसते, मागची कायमची गडप. परवा शेजारचे एक निवृत्त फौजदार येऊन विमान न्याहाळून गेले. जाताना म्हणाले, "छान आहे. आता इंजिन कधी बसवणार?"

"हे बघणार कोण?" हा आमच्या हिचा जुना प्रश्न. मी म्हणायचो, श्रीनगरला उतरलेल्या जवानांनी तरी त्या तारा कुठं पाहिल्या होत्या? एक प्लग रुसला तर दुसऱ्यानं काम निभवावं म्हणून प्लग दोन. आणि न दिसणाऱ्या त्या तारांच्या भरवशावर ती माणसं डोंगर ओलांडून गेली. पण भाषणानं घरात कुणाचं मत बदलल्याचा इतिहास नाही.

मग मंगळागौरीला शेजारच्या मुलीच्या रुखवतातला टेबलक्लॉथ पाहायला आला. बायका मोर बघून "अय्या, किती सुंदर!" म्हणत होत्या. हिनं तो हातात घेतला आणि सरळ उलटा केला. मागच्या गाठी, सुटलेले दोरे बारकाईनं पाहिले आणि म्हणाली, "भरतकाम पाहावं ते मागून. पुढून काय, सगळंच छान दिसतं!"

मी काही बोललो नाही. नुसता टेबलाकडे बघत राहिलो. तिनंही बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी झाकणाला गोंद लावायला घेतला, तर आतून आवाज आला, "अहो, थांबा जरा." ही चष्मा पुसत आली, विजेरी लावली आणि सुईच्या टोकानं दोन्ही इंजिनांतल्या तारा एकेक करून मोजल्या. भरल्या छप्पन्न.

'असे छप्पन्न पाहिलेत' असं म्हणण्याचा हक्क आता आमच्या घरात दोघांना आहे.