विचारलं तेवढंच

घरी पाहुणे आले, की आई मला पाण्याचा तांब्या आणायला आत पाठवायची. पाहुण्यांना तहान लागली म्हणून नव्हे हं! तेवढा वेळ तरी माझी टकळी बंद राहावी म्हणून.

आमचं गाव पिंपळनेर, पांझरेच्या काठचं. शिक्षण झाल्यावर मी धुळ्याला कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता, वडलांची सारी भिस्त या नोकरीवर. साहेबांनी सहज विचारलं, ‘‘प्रवास कसा झाला?’’

‘‘ठीक झाला,’’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण साक्रीच्या स्टँडवर कंडक्टरचं नि एका आजीबाईंचं कशावरून वाजलं, इथपासून लाटीपाडा धरणात यंदा पाणी किती, इथपर्यंत मी सगळं सांगितलं. शेजारच्या बाईंनी टायपिंगचं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनाही बोलू दिलं नाही. शेवटी साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘‘बरं, या आता.’’

खरं सांगू? बोलायची हौस नव्हती ती, भीती होती. समोरचा गप्प झाला, की मला वाटायचं, हा आता माझ्यातलं काहीतरी वाईट शोधतोय. मग खड्ड्यात माती लोटावी, तसे मी शब्द लोटायचो.

नोकरी हुकली. आईने भाकरी थापता थापता सगळं ऐकलं नि म्हणाली, ‘‘जितलं इचारं तितलंच सांगानं ना रे भाऊ!’’

पुढे एकदा वाचलं, की १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर बोलत. फक्त रविवारी. अठरा अध्याय, अठरा रविवार! आणि साने गुरुजी लिहून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. गुरुजी म्हणजे मुलांना गोष्टी सांगणारा माणूस, पण तिथे ते ऐकत बसले.

ते वाचताना मला मुलाखत नाही, एक मित्र आठवला. दहावीत असताना तो एका संध्याकाळी घरी आला होता. मी त्याला क्रिकेटच्या सामन्याची साद्यंत हकिगत ऐकवली. ‘‘बरं, निघतो,’’ म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा बाक रिकामा. घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला, असं मागाहून कळलं.

बऱ्याच वर्षांनी तो आठवडेबाजारात भेटला. चहा घेताना मी विचारलं, ‘‘त्या दिवशी काही सांगायला आला होतास का रे?’’

तो बराच वेळ बोलेना. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, पण मी बशीतल्या चहाकडे बघत राहिलो.

मग तो म्हणाला, ‘‘परीक्षापर्यंत तुमना घर राहू का, इतलंच इचारानं व्हतं.’’